तुरीचा भाव आणि ब्रह्मदेशाचा धडा



पौष-माघात तुरीची पोती घेऊन अंजनगावच्या नाहीतर अकोल्याच्या बाजारात गेले की एक शब्द हमखास कानावर पडतो : 'लेमन'. लेमन उतरली म्हणून आपली तूर उतरली, असे व्यापारी सांगतो. एका बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "हे लेमन म्हंजे काय हाय जी? लिंबाची तूर काय?" लोक हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता.

लेमन म्हणजे ब्रह्मदेशाची, आजच्या म्यानमारची तूर. रंगूनच्या बंदरात ती जहाजावर चढते आणि मुंबई-चेन्नईला उतरते. कृषी महाविद्यालयात आम्हाला तुरीचे वाण शिकवले, दोन ओळींतले अंतर शिकवले, मर रोग शिकवला. ब्रह्मदेश कोणी शिकवला नाही. तो चळवळीत आल्यावर शिकावा लागला.

या देशाच्या मधून इरावती नदी वाहते. ती समुद्राला मिळते तिथे भाताची सुपीक जमीन आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर उडीद होतो. वरच्या अंगाला मंडाले, मागवे, सगाइंग हा कोरडवाहू पट्टा. समुद्राकडून येणारा पाऊस डोंगर अडवतात, म्हणून इथे पाणी कमी. तीळ, भुईमूग, कपाशी आणि त्यांच्या ओळींत तूर, अशी तिथली शेती. वऱ्हाडातला माणूस तिथे उभा केला तर बोली कळणार नाही, पण शेत ओळखीचे वाटेल. तिथल्या ताटात तुरीच्या वरणाला फारशी जागा नाही. ती पिकते आपल्यासाठी.

नाते जुने आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांशी तह केला, तो आपल्या सुर्जी-अंजनगावच्या नावाने इतिहासात आहे. त्याच कंपनीने पुढे १८२४ मध्ये ब्रह्मदेशावर पहिले युद्ध लादले. १८८५ च्या तिसऱ्या युद्धात थिबा राजा पकडला गेला. त्याला रत्नागिरीत आणून ठेवले, तो १९१६ मध्ये तिथेच वारला. इकडून लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात डांबले. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानच्या कारभारातला एक प्रांतच होता.

साहेबाने वऱ्हाडाला कापसाचे शेत केले आणि ब्रह्मदेशाला भाताचे. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात सर्वांत जास्त तांदूळ तिथून बाहेर जाई. जमीन तोडायला पैसा दिला तो तमिळ मुलखातल्या चेट्टियार सावकारांनी. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, भाताचा भाव कोसळला आणि कर्ज थकले. खालच्या ब्रह्मदेशातील भाताची सुमारे पाव जमीन सावकारांच्या नावावर गेली. कर्ज शेतकऱ्याच्या उधळेपणाने होते, असे सांगणाऱ्यांनी हा हिशोब वाचावा.

१९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि समाजवादाचे नाव पुढे केले. भात सरकारलाच घालायचा, सरकार ठरवील त्या भावाने. शहराला आणि फौजेला स्वस्त भात हवा होता. नदी होती, जमीन होती, राबणारे हातही होते. तरी जगाला तांदूळ पुरवणाऱ्या देशाची निर्यात ओसरली आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याची गणना अत्यंत मागासलेल्या देशांत केली.

खरा धडा इथून पुढे आहे. १९८८ नंतर कडधान्याचा व्यापार खासगी व्यापाऱ्यांना मोकळा झाला. भाताची सक्तीची वसुली मात्र मधला थोडा काळ सोडता २००३ पर्यंत चालूच राहिली. तोच शेतकरी, तोच पाऊस. भाताला दावे राहिले तो रखडला, कडधान्याचे दावे सुटले तर त्याचा पेरा कित्येक पटीने वाढला. उत्पादन वाढवायला दिल्लीहून आलेले मिशन लागत नाही, भावाची वाट मोकळी लागते.

मग हाच माल आपल्या छातीवर का बसतो? कारण दिल्लीला तो गरजेपुरता नको असतो, आपला भाव पाडायला हवा असतो. २००६ ते २०१७ या काळात काबुली हरभऱ्यासारखे अपवाद सोडले तर आपल्या कडधान्याला देशाबाहेर जाण्याची बंदी होती. बाहेरचा माल मात्र येत होता. २०१६-१७ मध्ये तुरीचे विक्रमी पीक आले, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये, आपला माल विकून झाल्यावर, आयातीवर मर्यादा आली. तेव्हा भाव कोसळला तो ब्रह्मदेशात. एका फटक्यात दोन देशांचे शेतकरी मेले!

२०२१ मध्ये दार पुन्हा उघडले आणि वर्षाला एक लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद घेण्याचा पाच वर्षांचा करार झाला. पूर्व आफ्रिकेची तूर त्यावर वेगळी. २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घातली. २०२५ च्या हंगामात तूर ७,५५० च्या हमीभावाखाली विकावी लागली. तिकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि २०२२ मध्ये निर्यातीचे डॉलर सरकारी दराने बदलून घेण्याची सक्ती केली. बाजारात डॉलरला भाव जास्त, हातात पडतो कमी. ही त्यांची उलटी पट्टी.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मागवेचा शेतकरी आपला वैरी नाही, त्याच्याही मानगुटीवर सरकारच बसले आहे. आयात कायमची बंद करा, असेही आम्ही म्हणत नाही. पण आयातीचे धोरण मृगाच्या पेरणीआधी जाहीर झाले पाहिजे आणि हंगामात बदलता कामा नये. बाहेरची तूर हमीभावाखाली उतरू नये एवढे शुल्क असले पाहिजे. साठ्याची मर्यादा आणि निर्यातबंदी यांचे हत्यार सरकारने कायमचे टाकले पाहिजे.

जिल्हा बैठकीला येताना मागच्या तीन वर्षांच्या तुरीच्या पट्ट्या बरोबर आणा. किती क्विंटल, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने. त्या दिवशी आयातीचे धोरण काय होते ते आम्ही शेजारी लिहून देऊ. मग तूट कोणी पाडली, पावसाने की दिल्लीने, हे तुमच्याच कागदावर दिसेल.