हज-उमऱ्याला निघालात? लसीचा दहा दिवसांचा हिशेब आधी करा

छत्रपती संभाजीनगर : सिल्लोड, कन्नड, पैठण, खुलताबाद अशा तालुक्यांतून दरवर्षी लोक हज आणि उमऱ्याला जातात. पासपोर्ट, पैसे, बॅगा यांची तयारी कित्येक महिने चालते. लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. घोळ इथंच होतो.

नियम साधा आहे. सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी मेनिंजायटिसची लस घेतलेली हवी. ती ए, सी, वाय आणि डब्ल्यू-135 या चारही प्रकारांवरची पाहिजे. जपानी मेंदूज्वराची लस वेगळी, ती इथं चालत नाही. लसीच्या प्रकारानुसार कार्ड 3 किंवा 5 वर्षं चालतं. त्यामुळे जुनं कार्ड फेकू नका.

एवढी सक्ती कशासाठी? 1987 च्या हजमध्ये या आजाराची मोठी साथ आली आणि लस बंधनकारक झाली. 2000 मध्ये डब्ल्यू-135 हा प्रकार पसरला. हाजी घरी परतले आणि अनेक देशांत त्यांच्या घरच्यांनाही लागण झाली. त्यानंतर चार प्रकारांची लस बंधनकारक झाली. म्हणजे ही लस जाणाऱ्यासाठी आहे, तशीच घरी वाट बघणाऱ्या नातवंडांसाठीही आहे.

आता खरा प्रश्न खर्चाचा. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना सरकारी शिबिरात लस मिळते. खासगी टूरने उमऱ्याला जाणाऱ्याला मात्र ती स्वतः शोधावी लागते आणि खासगीत काही हजार रुपये जातात. मग कुणीतरी सांगतं, 'कार्डावर नुसता शिक्का मारून देतो.' या भानगडीत पडू नका. शिक्क्याने आजार थांबत नाही.

पण लस घेतली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. जून 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला. सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यातले 83 टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना तंबू नाही, एसी बस नाही, लांबचं अंतर उन्हात पायी. स्वस्तातल्या विनापरवाना पॅकेजची किंमत अशी मोजावी लागते.

आपल्याकडून जाणारे बहुतेक वयस्कर, बीपी-शुगरवाले. त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी ग्रामीण रुग्णालयात तपासणी करावी. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. छत्री आणि पाण्याची बाटली सोडू नये. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

नोकरीसाठी नायजेरिया, केनियाकडे जाणाऱ्या पोरांचा नियम वेगळा. त्यांना पिवळ्या तापाची लस लागते. ती फक्त केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रावरच मिळते आणि कार्ड 10 दिवसांनंतर लागू होऊन आयुष्यभर चालतं. कार्ड नसेल तर परत येताना 6 दिवस वेगळं ठेवतात. कारण हा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या रांजणात, टायरात आहेच.

ही माहिती तालुक्याच्या ठिकाणी लेखी लावली, तर निम्मी धावपळ वाचेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात फलक आणि टूरवाल्याच्या पावतीवर लसीची शेवटची तारीख, एवढं झालं तरी पुरे. तोवर हिशेब आपणच ठेवायचा : तिकिटाची तारीख बघा, त्यातून महिना वजा करा आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे जा.