थंडीच्या तळाशी



सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर गाईच्या कृत्रिम रेतनासाठी गुरांचे डॉक्टर येतात, तेव्हा त्यांच्याजवळील भांड्याचे बूच काढताच पांढरे धुके बाहेर पडते. आतील द्रव नायट्रोजन शून्याखाली 196 अंश सेल्सिअस इतका थंड असतो. याहून अधिक थंडी ती कोणती, असे आपणांस वाटेल. परंतु निसर्गाने थंडीची सीमा शून्याखाली 273.15 अंशांवर आखली आहे. तिच्या अगदी समीप जाता येते. तिला स्पर्श मात्र करता येत नाही.

या वाटेवर 1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनस यांना एक नवल दिसले. अतिथंड पाऱ्यातून वीज कोणत्याही अडथळ्याविना वाहू लागली! हीच अतिवाहकता. इस्पितळांतील एमआरआय यंत्रांचे प्रबळ चुंबक आज तिच्याच बळावर चालतात. तिची उपपत्ती 1957 साली अमेरिकेतील तिघा शास्त्रज्ञांनी मांडली आणि तीस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

बिस्मथ हा धातू मात्र हट्टी ठरला. त्यात सुमारे एक लाख अणूंमागे वीज वाहणारा केवळ एक कण असतो. इतक्या दरिद्री धातूस अतिवाहकता कोठून लाभणार, असेच बहुतेकांचे मत होते.

तथापि मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, प्राध्यापक एस. रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी प्रयत्न सोडला नाही. प्रबळ चुंबकाच्या प्रभावाखाली तांबे आधी थंड करावयाचे आणि मग तो प्रभाव हळूहळू ओसरू द्यावयाचा, म्हणजे तांब्याच्या अणूंची केंद्रके अधिकच थंड होतात. या मार्गाने इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे निकोलस कुर्टी व त्यांच्या सोबत्यांनी 1956 सालीच यश मिळविले होते. मुंबईकरांपुढे आणखी एक अडचण होती. पृथ्वीचे चुंबकत्वही या नाजूक गुणाचा घात करते. म्हणून बिस्मथच्या शुद्ध स्फटिकास त्यापासून जपावे लागले.

अखेर त्या अंतिम सीमेपासून अवघ्या 0.00053 अंशावर बिस्मथ अतिवाहक झाला! हा शोध जानेवारी 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. गंमत अशी की, जुन्या उपपत्तीने त्याचा उलगडा होत नाही. सन्मानित सिद्धांतालाही एका लहानशा स्फटिकापुढे थांबावे लागले. शास्त्राची थोरवी हीच की, असा पराभव ते लपवीत नाही. तेथूनच पुढील अभ्यासाला आरंभ करते.

पुढच्या खेपेस ते पांढरे धुके दिसले, तर मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.