टोलमाफीआधी भोसरी-चाकणच्या कामगारांचे बघा



मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना मिळालेल्या टोलमाफीचे स्वागत करणारी पत्रे आपल्या सदरात आली. या मोटारी म्हणजे मुळातच थोतांड आहे, असे सांगणारी उत्तरेही त्यावर आली. मी भोसरी एमआयडीसीत इंजिनाच्या सुट्या भागांचे जॉबवर्क करतो. ज्यांचे पोट या बदलावर अवलंबून आहे, त्यांचे नावही या दोन्ही बाजूंच्या पत्रांत आले नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी थोतांडाविषयी. आपली बरीचशी वीज कोळशाची आहे, हे खरे. चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांजवळ राहणाऱ्यांना ते कुणी सांगायला नको. पण पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता म्हणून बाहेर टाकते. विजेच्या मोटरमध्ये तशी नासाडी फार थोडी होते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. इंजिनावर घर चालणाऱ्या माणसाला हे लिहिताना आनंद होत नाही, पण खरे ते खरे. ही गाडी येणार आणि यायलाच हवी. माझा आक्षेप सरकार तिच्यासाठी पैसा कुणावर खर्च करते, यावर आहे.

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. विरोधी बाकांवरून प्रश्न आला आणि महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो कर मागे घेत असल्याचे जाहीर केले. करातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि संदेश चुकीचा जाईल, असे कारण दिले गेले. पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळाने विजेच्या वाहनांसाठी २०३० पर्यंतचे नवे धोरण मंजूर केले, त्यासाठी १,९९३ कोटी रुपये ठरवले आणि टोलमाफी आली. ती लागू झाली तेव्हा द्रुतगती मार्गावर मोटारीला ३२० रुपये टोल होता आणि अटल सेतूवर एका फेरीला २५०. ३० लाखांची मोटार घेणाऱ्याला हे पैसे जड नव्हते. माफ झालेला टोल कुणाच्या तरी खिशातून जातोच, आणि तो खिसा सरकारी तिजोरीचा, म्हणजे एसटीने जाणाऱ्याचाही आहे. मोटारवाल्यांच्या सवलतीसाठी दोन्ही बाकांवर जी तत्परता दिसली, ती कंत्राटी कामगारासाठी मला आजवर दिसलेली नाही.

आता आमच्या पट्ट्यात काय चालले आहे ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला ते दिसत नाही. चाकण, रांजणगाव, आकुर्डीच्या मोठ्या कारखान्यांत गाडी जुळते; तिचे भाग बनतात भोसरी, चिखली, तळवड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पिस्टन पिन, व्हॉल्व्ह गाइड, रॉकर आर्म, कॅमशाफ्ट, क्लच हाउसिंग. कुणाकडे दोन सीएनसी मशिने, कुणाकडे एक व्हीएमसी आणि चार माणसे. नाशिकच्या सातपूरला डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिडाचे ओतकाम होते. विजेच्या गाडीला ब्रेक, सस्पेन्शन, सीट, पत्र्याची बॉडी हे सगळे लागतेच, तेव्हा सगळेच बुडेल अशी ओरड मी करणार नाही. पण पिस्टन पिनपासून नोझलपर्यंत वर सांगितलेला एकही भाग तिला लागत नाही.

मग नवे भाग करा, असे सल्ले मिळतात. रोटर शाफ्ट करा, मोटरचे हाउसिंग करा, बॅटरीचा ट्रे करा. जरूर करू. पण मोटर मिनिटाला १०-१२ हजार फेऱ्यांच्या पुढे फिरते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीकशी शीळही आत बसलेल्याला ऐकू येते. त्यासाठी गिअर ग्राइंडिंगचे जे मशिन लागते, त्याची किंमत कोटीत जाते. हाउसिंग बिडाऐवजी ॲल्युमिनियमचे, म्हणजे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला भट्टीपासून डायपर्यंत सगळे नव्याने उभे करावे लागणार. मशिन घेतल्यावरही सँपल, तपासणी, ऑडिट, मंजुरी यात वर्ष सहज निघून जाते. कंपनी म्हणते, आधी मशिन दाखवा मग ऑर्डर देऊ. बँक म्हणते, आधी ऑर्डर दाखवा मग कर्ज देऊ. माझ्या एका मोठ्या ग्राहकाने इंजिनाच्या एका भागाचे शेड्यूल निम्म्यावर आणले, तेव्हा फोनवर एवढेच सांगितले की मॉडेल बंद होते आहे. जुन्या मशिनचे हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे ज्या दोन कामगारांना मी कामावरून थांबवले, ते ठेकेदाराकडचे होते. विजेच्या गाड्यांमुळे किती रोजगार गेला हे उद्या कुणी मोजायला बसले, तर ते दोघे कुठल्याच हिशेबात सापडणार नाहीत.

माणसे कमी करायची तरी ती बोलून करता येतात. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत २०३० पर्यंत ३५,००० नोकऱ्या कमी करण्याचा करार केला. तो कामगार संघटनेला समोर बसवून झाला आणि माणसे एकदम रस्त्यावर न काढता कशी कमी करायची हे त्यात ठरले. चाकणलाही त्या समूहाचा कारखाना आहे. तिथल्या वा इतर कुठल्या कारखान्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा पुरवठादार आणि त्याचा हेल्पर यांच्याशी असे बोलणारे कुणी नाही. ते काम सरकारचे आहे.

नव्या नोकऱ्या येतील हे मान्य. महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणलाच बनतात, संभाजीनगरजवळ बिडकीनला मोठ्या गुंतवणुकीचे करार झाले आहेत. पण विजेच्या गाडीतला सर्वांत महाग भाग बॅटरी, आणि तिचे सेल बहुतांशी बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात. पूर्वी इंजिनावरचा जो पैसा भोसरी, नाशिक, कोल्हापूरच्या शेकडो शेडमध्ये वाटला जायचा, त्याचा मोठा वाटा आता बंदरातून बाहेर जातो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच आकुर्डीच्या विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन घटले. पेट्रोलपंपावरचे परावलंबन संपवताना आपण दुसरे परावलंबन गळ्यात घालून घेतो आहोत. त्यावर उपाय इथल्या छोट्या कारखान्यांना मोटर, कंट्रोलर, वायरिंग हार्नेस शिकवणे आणि त्यासाठी भांडवल देणे हाच आहे.

आणि व्यवहाराचे म्हणाल, तर विजेची गाडी घेताना सामान्य माणसाला टोल अडवतच नाही. त्याला सोसायटीची कमिटी अडवते. पार्किंगमध्ये चार्जर लावू का, म्हणून विचारले की मंजूर लोड, आगीची भीती, मीटर कुणाच्या नावावर, असे वर्षभर पत्रव्यवहार चालतात. सोसायटीत राहणाऱ्याने स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग करावे, यासाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पण कमिटीच्या टेबलावर त्यांना किंमत नाही. ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते, त्याचा तर विचारच नको. त्याला सार्वजनिक चार्जरवर घरच्यापेक्षा महाग युनिट घ्यावे लागते. बंगलेवाल्याला मात्र काहीच अडचण नाही. टोलमाफीही आज त्यालाच मिळते आहे.

आता बसचे बघा. एसटीने २०२३ मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घ्यायचे कंत्राट दिले. बस वेळेवर आल्या नाहीत, वेळापत्रक कोलमडले. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात आणि ती दिवसभर धावते. तेल आणि धूर वाचवायचा असेल तर सरकारचा पैसा आणि लक्ष आधी तिथे जायला हवे होते.

म्हणून माझी मागणी आहे की खासगी मोटारींची टोलमाफी पुढच्या अर्थसंकल्पापासून बंद करावी. बसला ती राहू द्यावी आणि मालवाहू गाड्यांनाही द्यावी. वाचलेल्या पैशांतून इंजिनाचे भाग करणाऱ्या लघुउद्योगांना यंत्र बदलण्यासाठी सरकारी हमीवर कर्ज मिळावे आणि ते देताना ठेकेदाराकडच्या कामगारांसकट माणसे कामावर ठेवण्याची अट घालावी. आयटीआयमध्ये विजेच्या गाडीचा अभ्यासक्रम मुलांसाठी आहे. तोच चाळिशीतल्या गॅरेजवाल्याला आणि टर्नरला संध्याकाळी, दिवसाचा रोज न बुडता शिकता आला पाहिजे. शेकडो व्होल्टच्या बॅटरीला प्रशिक्षणाशिवाय हात लावणे जिवावर बेतू शकते, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात या गाड्या आज ना उद्या येणारच. सोसायट्यांना चार्जर नाकारता येऊ नये, यासाठी सहकार खात्याने मुदत घालून आदेश काढावा.

नव्या मोटारींत विजेच्या मोटारी अजून शंभरात चार-पाचच आहेत. म्हणजे हातात काही वर्षे आहेत. पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि कोल्हापूरच्या आमदारांनी, ते कुठल्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात सरकारला एक साधा प्रश्न विचारावा: इंजिनाच्या भागांवर चालणारे लघुउद्योग राज्यात किती आणि त्यांत कंत्राटी धरून माणसे किती? ही मोजणी जिल्हा उद्योग केंद्रांना सहज करता येईल. तिचा आकडा सभागृहात आला, तर टोलमाफीवर पुन्हा बोलायला मी तयार आहे.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे