काळा दगडही जागचा हलला

जे कधीच बदलणार नाही त्याला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. आज त्या काळ्या दगडाचीच हकीकत पाहू.

मुळशी धरणाभोवतीचे डोंगर आणि शेजारच्या मावळातील कार्ले, भाजे, बेडसे ही आपली लेणी, सारे एकाच कातळाचे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचून निवला. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली निवला की ते कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. जणू होकायंत्राची सुईच दगडात गोठते.

शास्त्रज्ञ कातळातून इंचभर जाडीचा गोल तुकडा कापतात. बाहेर काढण्यापूर्वी त्यावर दिशेची खूण करतात. प्रयोगशाळेत तो तापवून नंतर चढलेले चुंबकत्व घालवतात आणि मूळ दिशा मोजतात. मोकळी चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी अधिक कलते. म्हणून दगडातल्या दिशेच्या कलावरून त्याचे जुने ठिकाण समजते, आणि ती उत्तर-दक्षिण रेषेपासून किती सरकली यावरून जमीन किती वळली ते समजते.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील दगड असे मोजून १९५६ साली निष्कर्ष छापले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनीही या कामात हात घातला. दिसले असे, की हा कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर निवला. आज मुळशी उत्तरेस साडेअठरा अंशांवर आहे. म्हणजे दगड सुमारे पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे आला, शिवाय घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळला. सह्याद्रीचे थर जवळजवळ आडवेच आहेत. तेव्हा एकटा डोंगर नव्हे, सारी भारतभूमीच वळली. हिमालयासारख्या घड्या पडलेल्या पर्वतात मात्र एकेक तुकडा किती निराळा वळला, हे याच रीतीने शोधतात.

आपल्या वाडवडिलांना त्यांची पायरी काळ्या दगडावरची रेघ म्हणूनच सांगितली गेली होती. त्याच १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला ती पुसली. सारे अनित्य आहे आणि पारखल्याशिवाय काही मानू नये, ही तथागतांची शिकवण. कार्ल्याला जाल तेव्हा लेकरांचा हात त्या कातळावर ठेवा आणि हे सांगा.

जय भीम!