बुर्झहोमची माणसे एकाकी नव्हती
नवाश्मयुग म्हटले की दगडी कुऱ्हाड घेतलेला, जगापासून तुटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. श्रीनगरजवळच्या बुर्झहोम या नवाश्मयुगीन वस्तीने हा समज खोडून काढला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1960 ते 1971 दरम्यान येथे उत्खनन केले. अरुंद तोंडाचे, रुंद तळाचे आणि आतून मातीने लिंपलेले खड्डे सापडले. हाडांच्या सुया, मासेमारीचे हार्पून आणि आऱ्या मिळाल्या. एका मडक्यात तर अकीक व कार्नेलियनचे सुमारे 950 मणी होते. हा माल बाहेरूनच आलेला. म्हणजे काश्मीर खोऱ्याचा सिंधू संस्कृतीच्या मैदानी प्रदेशाशी संबंध होता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, हे मडके वस्तीच्या नंतरच्या टप्प्यातले आहे. खरे आहे, पण तेव्हाही दगडी आणि हाडांची अवजारे वापरात होतीच. म्हणजे अवजार दगडाचे म्हणून व्यवहार थांबत नाही. दुसरा, ज्या खड्ड्यांना राहण्याची घरे मानले जाते, ती घरे नसून साठवणीची पेवे असावीत. तसे असेल तर बर्फाळ हिवाळ्याची तजवीज करणारा समाज अधिकच स्पष्ट दिसतो. त्यामुळे अवजारांवरून माणसाची लायकी ठरवण्याची सवय पाठ्यपुस्तकांनी तरी आता सोडावी.