खिम्यात पाव घाला, हात आखडू नका

इटालियन पद्धतीचे टोमॅटोच्या रश्शातले खिम्याचे गोळे घरी करून बघणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. खिम्यात पाव घाला, आणि भरपूर घाला. कोफ्त्यात पाव सापडला की यजमानाने काटकसर केली, असं आपल्याकडे पटकन मनात येतं. मीही त्याच समजुतीत पहिल्या खेपेला निव्वळ खिमा घेतला, कबाबासाठी मळतात तसा दहा मिनिटं तळहाताच्या जोराने मळला आणि गोळे वळून रश्शात सोडले. दिसायला सुरेख, एका मापाचे. जेवायला बसलो, नवऱ्याने काटा रोवला आणि गोळा ताटातून निसटून टेबलाखाली गेला. मांजराने तो हुंगला आणि सोडून दिला.

चूक खिम्याची नव्हती, माझ्या मळण्याची होती. मांसात मीठ पडलं आणि वर ते रगडलं, की त्यातली प्रथिनं चिकट होऊन एकमेकांना घट्ट धरतात. सीखेवर चढवायच्या कबाबाला ही पकड हवीच, नाहीतर तो निखाऱ्यात पडेल. पण इटलीत ज्याला ‘पोल्पेत्ता’ म्हणतात तो गोळा चमच्याच्या कडेनेही तुटायला हवा. भिजलेला पाव मांसाच्या कणांमध्ये शिरतो, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि शिजताना सुटणारा रस धरून ठेवतो. म्हणजे पाव ही भर नव्हे, मऊपणाची सोय आहे.

तिकडे हा पदार्थ उरल्यासुरल्याचाच. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी 1891 साली फ्लॉरेन्समध्ये पदरचे पैसे घालून छापलेलं पाककृतींचं पुस्तक इटलीत आजही घरोघर आहे. त्यात पोल्पेत्ते शिकवण्याचा आव आपण आणत नाही, ते गाढवालाही जमतात, अशी थट्टा करून ते पुढे जातात. मग जी कृती देतात ती आदल्या दिवशीच्या उकडलेल्या मांसाची, आणि तिच्यातही दुधात किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेला पावाचा गर आहेच.

आता प्रमाण. अर्धा किलो खिमा, कडा काढलेला शंभर ग्रॅम शिळा पाव, साधारण अर्धी वाटी दूध, एक अंडं, किसलेलं कडक चीज पन्नास ग्रॅम, लसणाची एक पाकळी, मिरपूड, चिमूटभर जायफळ आणि सपाट चमचाभर मीठ. इटलीत बहुधा गाय आणि डुक्कर यांचा मिश्र खिमा असतो. आपल्या घरात बोकडाचा असेल तर खाटकाला सांगून ऐंशी-शंभर ग्रॅम चरबी त्यातच काढून घ्या. ‘चरबी नको, साफ द्या’ ही आपली नेहमीची सूचना इथे नडते. गोळा कोरडा होतो, मग आपण रश्शाला दोष देतो.

पाव कालचा-परवाचा घ्या. गोव्यात असाल तर उंडो उत्तम. आपला लादीपावही चालतो. पाकिटातला गोडसर स्लाइस ब्रेड मात्र दुधात पडला की खळ होतो. पाव दुधात दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घेऊन हलकेच दाबा. बोटांच्या फटींतून दूध थेंब थेंब गळेल इतपतच. गच्च पिळलात तर सगळी मेहनत वाया. मग तो बोटांनी कुस्करा, म्हणजे गुठळी राहणार नाही.

हा पाव, अंडं, चीज आणि बाकीचं सगळं आधी एकत्र करा, खिमा शेवटी. मळू नका. चिवड्याला तिखटमीठ लावतो तशी बोटं पसरून खालीवर करा आणि एकजीव दिसलं की हात काढा. मिश्रण तुम्हाला सैल वाटेल आणि वरून रवा-बेसन घालायचा मोह होईल. तो आवरा, त्यापेक्षा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग सुपारीएवढा एक गोळा तव्यावर परतून चाखा. मीठ कमी-जास्त कळण्याची तेवढीच संधी असते. ओल्या हाताने लिंबाएवढे वळलेत तर वीसेक होतील.

गरम मसाला, आलं आणि हिरवी मिरची या वेळेपुरती डब्यातच राहू द्या. कोफ्ता करी आपल्याला येतेच, ती पुढच्या रविवारी करा. इटालियन पार्सली मिळाली तर बारीक चिरून घाला, नाही मिळाली तर नाही. तिच्या जागी कोथिंबीर घातली की पदार्थ सरळ आपल्या गल्लीत येऊन उभा राहतो.

रश्शासाठी सव्वा किलो लालबुंद, मऊ टोमॅटो. संध्याकाळी उशिरा भाजीवाला जे स्वस्तात काढून टाकतो, ते यासाठी सोनं. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सालं काढा आणि हाताने चुरडा. डबाबंद सोललेले टोमॅटो आणलेत तरी कमीपणा नाही, चारशे ग्रॅमचे दोन डबे पुरतात. सॉसची बाटली मात्र उघडू नका, तिच्यात साखर आणि व्हिनेगर असतं. भांडं स्टीलचं घ्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमला किंवा लोखंडाला टोमॅटोचा आंबटपणा लागतो आणि चव धातूची येते. तेलात ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या मंद आचेवर, तांबूस होण्याआधीच टोमॅटो आणि मीठ. कांदा लागत नाही.

दुसरीकडे गोळे थोड्या तेलात वरवर परता. पहिली दोन-तीन मिनिटं उलटायला जाऊ नका. खालची बाजू खरपूस झाली की गोळा तवा आपसूक सोडतो, आधी ओढलात तर अर्धा तव्यालाच राहतो. आत कच्चा असू दे, तो रश्शात शिजणार आहे.

आणि मग वेळ द्या. कुकर नको, शिट्टी नको. नेपल्सच्या लोकांकडे या शिजण्यासाठी ‘पिप्पियारे’ असा खास शब्द आहे: रस्सा इतका मंद की मध्येच एखादा बुडबुडा फुटावा. आपल्या भाषेत सांगायचं तर खदखदू द्यायचं नाही, नुसतं रटरटू द्यायचं. झाकण तिरकं ठेवून बोकडाच्या खिम्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, कोंबडीच्या खिम्याला वीस. चमच्याने ढवळू नका, भांडंच धरून हलवा. कडेला तेल सुटलं आणि आंबटपणा मवाळ झाला की झालं.

वाढताना बहुतेक जण स्पॅगेटी उकळतात. हरकत नाही, पण ही जोडी जमली अमेरिकेत. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांच्या आसपास इटालियन, त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, तिकडे गेले. मायदेशी सणावारी मिळणारं मांस तिथे मजुरीत परवडू लागलं, म्हणून गोळे फुगले आणि पास्त्याच्या ढिगावर जाऊन बसले. इटलीत सहसा आधी रस्सा लावलेला पास्ता आणि मागून वेगळ्या ताटलीत गोळे येतात. अपवाद आहेत. तेरामोला पास्त्यातच गोळे असतात, पण ते हरभऱ्याएवढे.

आमच्या घरी पास्ता होत नाही. तीन-चार गोळे, वर रस्सा, शेजारी कडक पाव. गोळे संपल्यावर ताटलीत उरलेला रस्सा पावाच्या तुकड्याने पुसून खाणं याला इटालियन भाषेत नाव आहे, ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा बूट. चारचौघांत ते शिष्टाचाराला धरून नाही म्हणतात. तेव्हा पाव आणताना दोन जास्तच आणा.