पाहुण्यांच्या लिस्बनमध्ये घर कोणाचे?

३ सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी लिस्बनच्या ग्लोरिया चढणीवरील, तारेने ओढला जाणारा डबा तार निखळल्याने रुळांवरून सुटला आणि वळणावरच्या इमारतीवर आदळला. सोळा जण मृत्युमुखी पडले. त्यांतील अकरा परदेशी होते. १८८५ साली हा मार्ग सुरू झाला तो खालच्या चौकातून बाइरू आल्तू या वरच्या वस्तीत जाणाऱ्यांची दमछाक वाचावी म्हणून. अलीकडे मात्र त्या डब्यात रहिवाशांपेक्षा पर्यटकच अधिक दिसत. अपघाताचे तांत्रिक कारण तारेत आहे आणि त्याची चौकशी तज्ज्ञांनी करावयाची आहे. मात्र रहिवाशांच्या सोयीची वस्तू पाहुण्यांचे आकर्षण कशी बनली, हा प्रश्न त्या चौकशीच्या कक्षेबाहेरचा आहे.

त्याचे मूळ २०११ च्या आर्थिक अरिष्टात सापडते. ७८ अब्ज युरोंचे बाह्य साहाय्य स्वीकारलेल्या पोर्तुगालला परकीय पैसा हवा होता. २०१२ मध्ये भाडे कायदा सैल करण्यात आला आणि दशकानुदशके गोठलेली जुनी भाडी मोकळी झाली. त्याच वर्षी पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी व्यक्तीला निवासाचा परवाना देणारी योजना आली. २०१४ च्या कायद्याने राहते घर पर्यटकांना अल्पकाळासाठी देणे अगदी सोपे केले. यांपैकी एकही निर्णय त्या काळी अविचारी म्हणता आला नसता. ढासळत्या भिंतींची, ओस पडलेली घरे लिस्बनच्या मध्यभागी खरोखरच होती आणि ती या पैशातूनच दुरुस्त झाली. फक्त दुरुस्त झालेल्या घरात जुना भाडेकरू परतला नाही.

१९८१ मध्ये लिस्बन शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. २०२१ च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आत आली. सारा दोष पर्यटनाला देणे अन्याय्य ठरेल, कारण उपनगरांकडे जाण्याचा ओघ फार आधीचा आहे. तथापि जुन्या शहराच्या गाभ्यातील सांता मारिया मायोर या प्रभागाने २०११ ते २०२१ या एकाच दशकात सुमारे एक पंचमांश रहिवासी गमावले. १७५५ च्या महाभूकंपातून बऱ्याच अंशी तगलेले आल्फामा याच प्रभागात येते. तेथून जाणाऱ्या २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये बाजाराची पिशवी घेतलेल्या वृद्धेला जागा मिळणे दुरापास्त झाले आहे. २०२५ मध्ये देशातील किमान वेतन ८७० युरो होते; तेवढ्या रकमेत मध्यवस्तीत एका खोलीचे स्वतंत्र घरही भाड्याने मिळत नाही.

गोमंतकीय वाचकाला या कथेत एक ओळखीचा चेहरा दिसेल. मडगावात ज्यांच्या घराण्याचे मूळ घर आहे, ते आंतोनियो कोश्ता २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते. पर्यटनाचा बहर त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांवर कर लावण्याचा निर्णयही तेव्हाचाच. तो कर प्रत्यक्षात एक युरोने सुरू झाला, २०१९ मध्ये दोन झाला आणि सप्टेंबर २०२४ पासून दर रात्री चार युरो आहे. पुढे पंतप्रधान झालेल्या कोश्तांनीच ऑक्टोबर २०२३ मध्ये गृहनिर्माणाचा व्यापक कायदा आणला. मालमत्ता खरेदीच्या बदल्यात निवास परवाना बंद झाला, पर्यटक-घरांची नवी नोंदणी बहुतांश शहरी भागांत थांबली. महिन्याभरातच अन्य एका चौकशीच्या सावटाखाली त्यांनी राजीनामा दिला आणि २०२४ मध्ये आलेल्या उजव्या सरकारने पर्यटक-घरांवरील बंधने सैल करून निर्णय पालिकांवर सोपवला.

येथेच खरी मेख आहे. बंधने नव्या नोंदणीवर येतात. जुने परवाने तसेच राहतात. लिस्बन पालिकेने २०१८ मध्येच आल्फामा, मोराऱिया, बाइरू आल्तू आदी वस्त्यांत नवी नोंदणी रोखली होती, पण तोवर परवाने वाटून झाले होते. बंदीची चाहूल लागताच नोंदणीसाठी झुंबड उडते, हा तर कोणत्याही देशातला अनुभव. पणजीच्या फोंतेन्हास भागात छायाचित्रे काढणाऱ्यांनी दारे अडवल्याची तक्रार आज रहिवासी करतात. तिथे अजून राहणारी माणसे आहेत, एवढा अवकाश आपल्याकडे शिल्लक आहे.

राहत्या इमारतींतील पर्यटक-घरांवर सार्वमत घ्यावे, अशी मागणी लिस्बनच्या हजारो नागरिकांनी सह्यांनिशी केली. नगरसभेने प्रस्ताव पुढे पाठवला. जानेवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयाने तो फेटाळला. घराचा हक्क १९७६ च्या पोर्तुगीज राज्यघटनेत ६५ व्या कलमाने मान्य केलेला आहे, हे विशेष. ग्लोरियाच्या अपघातानंतर सहा आठवड्यांच्या आत पालिकेची निवडणूक झाली. महापौर कार्लुश मोएदाश यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता, तरी १२ ऑक्टोबर रोजी मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. ज्यांना मध्यवस्ती सोडावी लागली, त्यांतील अनेकांचे मत आता लिस्बनच्या हद्दीत नसते.